गाढविणीच्या पाठीवरचा संसार

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे नाव बहुतेक वाचकांना ‘ट्रेझर आयलंड’मुळे ठाऊक असते. खजिन्याचा नकाशा, एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर आणि त्याच्या खांद्यावरचा पोपट हे चित्र शाळकरी वयात मनावर ठसते आणि पुढे कायम राहते. थोडे मोठे झाल्यावर डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड यांची भेट होते. मात्र ही दोन्ही पुस्तके लिहिली जाण्यापूर्वी, १८७८ च्या शरद ऋतूत, हा स्कॉटिश लेखक दक्षिण फ्रान्समधील सेव्हेनच्या डोंगराळ मुलखात एका गाढविणीला सोबत घेऊन १२ दिवस पायी फिरला होता. तेव्हा त्याचे वय अवघे २७ वर्षांचे होते, प्रकृती तोळामासा होती, खिशात स्वकमाईचे पैसे जवळपास नव्हते आणि जिच्यावर त्याचे प्रेम होते ती स्त्री काही आठवड्यांपूर्वीच सातासमुद्रापार निघून गेली होती. वरकरणी हौसेची वाटणारी ही वाटचाल प्रत्यक्षात त्याच्या आयुष्यातील एका मोठ्या निर्णयाची पूर्वतयारी ठरली.

दीपगृहांचे घराणे

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी एडिंबरा येथे झाला. त्याचे घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे. आजोबा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी उत्तर समुद्रातील बेल रॉक या घातकी खडकावर उभारलेले दीपगृह १८११ मध्ये प्रज्वलित झाले होते. वडील थॉमस आणि चुलतेही याच व्यवसायात होते. साहजिकच एकुलत्या एका मुलाने घराण्याचा वारसा चालवावा अशी वडिलांची अपेक्षा होती. परंतु लुईची छाती जन्मापासूनच नाजूक. बालपणीचे कित्येक हिवाळे त्याने खोकल्याने बेजार होऊन अंथरुणात काढले. रात्र रात्र त्याच्या उशाशी बसणारी दाई ॲलिसन कनिंगहॅम त्याला बायबलमधील कथा आणि धर्मासाठी प्राण देणाऱ्या स्कॉटिश कॉव्हेनंटर बंडखोरांच्या हकिकती सांगत असे. या हकिकतींचा संस्कार इतका खोल होता, की वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने लिहिलेली पहिली पुस्तिका याच बंडखोरांच्या एका उठावावर होती. १८६६ मध्ये ती वडिलांच्या खर्चाने छापण्यात आली.

१८६७ मध्ये त्याने एडिंबरा विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. अभ्यासात त्याचे मन रमले नाही. १८७१ मध्ये लेखक होण्याचा मनोदय त्याने वडिलांपुढे मांडला. पोटापाण्याची काहीतरी सोय असावी म्हणून कायद्याचा अभ्यास करायचा, अशी तडजोड ठरली. १८७५ मध्ये तो वकील झाला, पण वकिली त्याने जवळपास केलीच नाही. त्याआधी १८७३ मध्ये आपली ख्रिस्ती धर्मावर पूर्वीसारखी श्रद्धा उरलेली नाही, हे त्याने वडिलांपाशी कबूल केले होते. धर्मनिष्ठ मातापित्यांना तो आघात होता. घरातील माया आटली नाही, मात्र घराचे वातावरण जड झाले. त्याच वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला हवापालटासाठी फ्रान्सच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावरील माँताँ येथे पाठविण्यात आले. फ्रान्सशी त्याचे नाते जुळले ते तेव्हापासून.

१८७६ मध्ये मित्र वॉल्टर सिम्प्सन याच्यासह त्याने बेल्जियम आणि फ्रान्समधील नद्या-कालव्यांतून होडीप्रवास केला. त्यावरचे त्याचे पहिले पुस्तक १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच सुमारास पॅरिसजवळील ग्रेझ या चित्रकारांच्या आवडत्या गावी त्याची गाठ फॅनी ऑस्बर्न हिच्याशी पडली. फॅनी अमेरिकन होती, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी होती, विवाहित होती आणि नवऱ्यापासून दूर राहून मुलांसह चित्रकला शिकायला युरोपात आली होती. तिचा धाकटा मुलगा १८७६ मध्येच पॅरिसमध्ये आजाराने दगावला होता. दोघांचा स्नेह वाढत गेला. परंतु ऑगस्ट १८७८ मध्ये फॅनी मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाला परतली. ती घटस्फोट घेणार की पुन्हा नवऱ्याच्या संसारात रमणार, हे कोणालाच सांगता येत नव्हते. वडिलांच्या पैशावर जगणाऱ्या स्टीव्हन्सनला तिच्या मागोमाग जाणे शक्य नव्हते. तो गेला सेव्हेनच्या डोंगरांकडे.

महिनाभराची तयारी

ल पुई या शहरापासून सुमारे १५ मैलांवर, डोंगरातल्या खोऱ्यात ल मोनास्तिये हे छोटे गाव आहे. विणलेल्या लेससाठी ते प्रसिद्ध होते. तिथे स्टीव्हन्सनने सुमारे महिनाभर मुक्काम केला. हातातले लेखन संपवायचे आणि दक्षिणेकडच्या पायी प्रवासाची जुळवाजुळव करायची, असा दुहेरी बेत होता. गावकऱ्यांना या परदेशी पाहुण्याचे मोठे नवल वाटे. राजेशाहीवाले, बोनापार्टवाले, प्रजासत्ताकवाले असे गावात अनेक तट होते आणि त्यांचे आपापसात विळ्याभोपळ्याचे सख्य होते. पण या किडकिडीत स्कॉटिश तरुणाला मदत करण्यात सारेच पुढे होते.

तयारीचा मुख्य प्रश्न होता रात्रीचा. सप्टेंबर संपत आला होता. पहिल्या टप्प्यातील पठारे सुमारे हजार मीटर उंचीवरची, तर पुढे लोझेर पर्वताचा माथा १६९९ मीटरचा. शरद ऋतूत या डोंगरांवर गार वारे सुटतात आणि भूमध्य सागरावरून येणारी बाष्पयुक्त हवा कड्यांना थडकून एकाएकी धुवाधार पाऊस कोसळतो. वाटेतल्या खेड्यांत खानावळ असेलच याची शाश्वती नव्हती आणि असली तरी अंधार पडण्यापूर्वी तिथे पोहोचायचे, तर चालण्यातले स्वातंत्र्य संपणार. म्हणून जिथे रात्र होईल तिथे मुक्काम, असे त्याने ठरविले.

तंबूचा विचार त्याने केला आणि सोडून दिला. तंबू उभारणे कटकटीचे, उतरविणे त्याहून कटकटीचे, शिवाय दुरूनही तो लोकांच्या नजरेत भरतो. निर्जन मुलखात एकट्या माणसाने आपला मुक्काम जाहीर करणे शहाणपणाचे नव्हे. त्यापेक्षा झोपण्याची पिशवी बरी. ती सदैव तयार असते आणि दिवसा तिच्यातच सामान भरता येते. जाणकारांशी खलबते करून त्याने अशी पिशवी मुद्दाम शिवून घेतली. सुमारे सहा फूट लांबरुंद, बाहेरून गाडीवर टाकतात तसले हिरवे जलरोधक कापड आणि आतून निळी मेंढीची लोकर. रात्री उशी आणि दिवसा झाकण असे काम देणाऱ्या दोन त्रिकोणी झडपा तिला होत्या. पाऊस आलाच, तर अंगावरचा जलरोधक कोट, तीन दगड आणि एक वाकविलेली फांदी यांचा आडोसा करायचा, असे गणित होते. आज गिर्यारोहकांच्या पाठीवर स्लीपिंग बॅग सर्रास दिसते. त्या काळी मात्र सहलीसाठी अशी वस्तू बनवून घेणे हे जगावेगळे मानले गेले.

एवढे मोठे बोचके पाठीवर घेऊन डोंगर चढणे त्या अशक्त छातीला झेपणारे नव्हते. जनावर हवे होते. घोडा नाजूक, भित्रा आणि महागडा. त्याची सरबराई करण्यातच प्रवास संपायचा. स्वस्त, काटक आणि शांत प्राणी म्हणून गाढवावर शिक्कामोर्तब झाले. गावात आदाम नावाचा एक म्हातारा गाडीवान होता. त्याची उंदराच्या रंगाची, कुत्र्याहून फार मोठी नसलेली गाढवीण स्टीव्हन्सनच्या मनात भरली. बाजारात चारचौघांदेखत घासाघीस होऊन ६५ फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला एवढ्यावर सौदा ठरला. झोपण्याच्या पिशवीला यापूर्वीच ८० फ्रँक मोजून झाले होते. म्हणजे जिवंत जनावर अंथरुणापेक्षा स्वस्त पडले! नव्या मालकाने तिचे नाव ठेवले मोडेस्टीन, अर्थात विनम्रा. हे नाव किती फसवे आहे, हे त्याला लवकरच कळणार होते.

उरलेल्या सामानाची यादीही वाचण्याजोगी आहे. अंगावरच्या जाड्याभरड्या कपड्यांखेरीज उबदार कपड्यांचे दोन संपूर्ण जोड, विणलेला सदरा आणि खलाशी वापरतात तसला जाड कोट. छातीच्या रोग्याला ओल्या कपड्यात रात्र काढणे जिवावर बेतू शकते, याची जाणीव त्यामागे होती. थंडी अधिक पडल्यास पिशवीच्या आत दुहेरी ऊब देणारी एक प्रवासी घोंगडी. स्पिरिटचा छोटा दिवा, कढई, कंदील, स्वस्तातल्या मेणबत्त्या, चाकू, चामड्याची मोठी कुप्पी, एक पिस्तूल आणि काही पुस्तके. कायमचा शिधा म्हणून चॉकलेटच्या वड्या आणि डबाबंद सॉसेज. पहिल्या दिवसांसाठी मेंढीची शिजविलेली गार तंगडी, बोजोले मद्याची बाटली, दुधासाठी एक रिकामी बाटली, पांढरा आणि काळा पाव. आणि यात भर म्हणून अंडी फेटण्याचे एक यंत्रही!

गावकरी रोज नवे धोके ऐकवीत. लांडगे, दरोडेखोर, थंडीने काकडून येणारा मृत्यू, रात्रीची भुताटकी. हा मुलूख म्हणजे जुना जेव्होदाँ प्रांत. १७६४ ते १७६७ या काळात इथे एका हिंस्र श्वापदाने शंभरच्या आसपास माणसे मारल्याची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. गंमत अशी, की खऱ्या संकटाकडे कोणीच लक्ष वेधले नाही. ते संकट होते गाढविणीवर ओझे बांधण्याचे.

ओझे हलके होत जाते

रविवार, २२ सप्टेंबर १८७८ हा प्रस्थानाचा दिवस. त्याआधीच खोगिराने दगा दिला होता. हौसेने बनवून घेतलेली गादी मोडेस्टीनच्या पाठीवर क्षणभरही ठरेना. ती परत करताना कारागिराशी झालेली बाचाबाची पाहायला रस्त्यात गर्दी जमली. अखेर त्या भागात वापरतात तसले साधे लाकडी खोगीर घालून स्वारी निघाली. मोडेस्टीनची चाल मात्र इतकी संथ, की तिच्या गतीने पाऊल टाकणे हीच शिक्षा वाटावी. वाटेत भेटलेल्या एका शेतकऱ्याने झुडपाची फांदी तोडून तिला हाकण्याची रीत आणि तोंडाने काढायचा विशिष्ट आवाज शिकविला. थोडा वेळ फरक पडला, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पुढे युसेल या खेड्यात भर रस्त्यावर सारे ओझे उलटून धुळीत पडले आणि बघ्यांची करमणूक झाली.

त्या दिवशी स्टीव्हन्सनने एक निर्णय घेतला. गार मांस, पांढरा पाव, दुधाची रिकामी बाटली आणि अंडी फेटण्याचे लाडके यंत्र त्याने टाकून दिले. काळा पाव आणि चॉकलेट तेवढे ठेवले. महिनाभराच्या विचाराने जमविलेल्या वस्तूंपैकी कोणती गरजेची आणि कोणती हौसेची, याचा निवाडा पहिल्या काही मैलांतच झाला. ल बूशे-सँ-निकोला येथील खानावळवाल्याने टोकाला बारीक खिळा असलेली काठी करून दिली. तिच्या स्पर्शाने मोडेस्टीन झपझप चालू लागली. पिशवीही दुमडून न बांधता लांबलचक वळकटीसारखी खोगिरावर आडवी टाकण्याची युक्ती साधली आणि तोल सांभाळला गेला.

पिशवीची पहिली खरी परीक्षा लांगोन्यच्या पुढे झाली. रिमझिम पाऊस, वाटांचे जाळे, पडलेला अंधार. रस्ता दाखविण्यास खेड्यातील कोणी दाराबाहेर यायला तयार होईना. अखेर त्याने रानातच मुक्काम ठोकला. गाढविणीला झाडाला बांधून काळा पाव चारला आणि स्वतः सॉसेजचा एक तुकडा, चॉकलेटचा एक तुकडा असे आलटून पालटून खात वर पाणी न घातलेली ब्रँडी घेतली. हे जेवण कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावे असे नव्हे. पण सोसाट्याच्या वाऱ्यात त्या पिशवीत त्याला शांत झोप लागली आणि सकाळी तो ठणठणीत उठला. लहानपणी खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची झुळूकही ज्याला बाधत असे, त्या माणसाला स्वतःच्या शरीराविषयी मिळालेली ही नवी ग्वाही होती.

प्रवास पुढे सरकत गेला. नोत्र-दाम-दे-नेज या मठातील मौनव्रती ट्रॅपिस्ट साधूंनी त्याचे आतिथ्य केले. तिथे मुक्कामाला असलेल्या अन्य पाहुण्यांनी त्याला कॅथलिक पंथात आणण्याचा निकराचा प्रयत्न केला आणि आई-वडिलांचा धर्म आपल्याला अजून किती जवळचा आहे, हे त्यामुळे त्याच्या ध्यानात आले. ल ब्लेमार सोडल्यावर लोझेर पर्वताच्या उतारावर पाइन वृक्षांखाली त्याने एक रात्र काढली. ही रात्र त्याच्या साऱ्या लेखनातील सर्वांगसुंदर प्रसंगांपैकी एक मानली जाते. मध्यरात्री जाग आली, आकाश निरभ्र होते, तारे लखलखत होते, मोडेस्टीन दोरीच्या लांबीत फिरत चरत होती. सुखाला काही उणे नव्हते. तरीही शेजारी एक माणूस हवे होते, ही रुखरुख त्याने लिहून ठेवली आहे. सकाळी निघताना निसर्गाच्या या खानावळीचे भाडे म्हणून त्याने गवतावर काही नाणी टाकली.

लोझेर ओलांडल्यावर मुलूख बदलला. बोडकी पठारे मागे पडली आणि चेस्टनटच्या रानांनी झाकलेली खोल, तापट खोरी सुरू झाली. तार्न नदीचे पाणी अटलांटिककडे जाते. तिच्या पलीकडची धार चढून उतरले, की गार्दों नदीचे पाणी भूमध्य सागराची वाट धरते. हा भाग प्रॉटेस्टंटांचा. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर येथील शेतकरी आणि लोकर विंचरणारे कारागीर छळाने त्रस्त झाले. जुलै १७०२ मध्ये पाँ-द-माँव्हेर येथे आबे द्यु शायला या धर्माधिकाऱ्याची हत्या झाली आणि कामिसार नावाने ओळखले जाणारे युद्ध पेटले. बेकरीत उमेदवारी केलेला जाँ काव्हालिये नावाचा तरुण या बंडखोरांचा सेनानी झाला. दाईच्या तोंडून स्कॉटिश बंडखोरांच्या कथा ऐकलेल्या स्टीव्हन्सनला या दऱ्याखोऱ्या परक्या वाटल्या नाहीत. कपडे आणि शिधा यांची तयारी महिनाभराची असली, तरी या मुलखाला भेटण्याची मनाची तयारी पाळण्यापासून सुरू झालेली होती.

३ ऑक्टोबर रोजी तो सँ-जाँ-द्यु-गार येथे पोहोचला. १२ दिवसांत १२० मैलांहून अधिक, म्हणजे जवळपास २०० किलोमीटर चाल झाली होती. मोडेस्टीन थकली होती, तिला विश्रांतीची गरज असल्याचा निर्वाळा मिळाला. स्टीव्हन्सनला मात्र आलेस गावी आपल्या नावे येऊन पडलेली पत्रे गाठण्याची घाई होती. त्याने खोगिरासह गाढवीण ३५ फ्रँकला विकली आणि घोडागाडी पकडली. गाडी निघाल्यावर त्याला तिची उणीव जाणवू लागली. जिला तो रोज शिव्याशाप देत होता, तिच्यासाठी त्याचे डोळे भरून आले.

वाटेपलीकडची वाट

‘ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन’ हे पुस्तक जून १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील पुष्कळसा मजकूर खरे तर फॅनीला उद्देशून आहे, हे त्याने आपल्या चुलतभावाला पत्रातून कळविले होते. काही आठवड्यांतच कॅलिफोर्नियाहून तिचा निरोप आला. ७ ऑगस्ट १८७९ रोजी आई-वडिलांना न सांगता तो ग्रीनॉक बंदरातून ‘डेव्होनिया’ या बोटीने अमेरिकेला निघाला. पुढे स्थलांतरितांनी खचाखच भरलेल्या आगगाडीतून त्याने आख्खे अमेरिका खंड ओलांडले. या प्रवासाने तो जवळजवळ संपलाच. मॉन्टरेजवळच्या डोंगरात एकट्याने मुक्काम केला असता तो बेशुद्धावस्थेत पडून राहिला. शेळ्या पाळणाऱ्या माणसांनी त्याला उचलून नेले आणि शुश्रूषा करून वाचविले. सेव्हेनमध्ये महिनाभर तयारी होती, या खेपेस तयारीला अवधी नव्हता. दोन प्रवासांतला हा फरक त्याच्या शरीराने भोगला. १८८० मध्ये वडिलांनी तारेने वार्षिक २५० पौंडांचे आश्वासन दिले आणि बाप-लेकांतला दुरावा मिटला. १९ मे १८८० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे लुई आणि फॅनी विवाहबद्ध झाले.

पुढची १४ वर्षे लेखन आणि आजार यांची सोबत सुटली नाही. १८८१ मध्ये सावत्र मुलगा लॉइडच्या सोबतीने रंगविलेल्या एका नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ जन्माला आले आणि १८८३ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. १८८६ मध्ये जेकिल-हाइडची कथा आणि ‘किडनॅप्ड’ ही दोन पुस्तके आली. दाव्होस, इएर, बोर्नमथ अशी हवापालटाची ठिकाणे बदलत गेली. १८८७ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि त्याने ब्रिटन कायमचे सोडले. १८८८ मध्ये ‘कॅस्को’ या शिडाच्या जहाजातून तो कुटुंबासह दक्षिण समुद्राकडे निघाला आणि अखेर सामोआच्या उपोलू बेटावर वाइलिमा येथे घर बांधून स्थिरावला. स्थानिक लोक त्याला तुसिताला, म्हणजे कथा सांगणारा, म्हणत. ३ डिसेंबर १८९४ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वयाच्या ४४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. सामोअन मंडळींनी दाट झाडीतून वाट तोडून त्याचा देह वाएआ डोंगराच्या माथ्यावर नेला. त्याला दफनासाठी हवी असलेली जागा तीच होती.

स्टीव्हन्सन ज्या मुलखातून गेला, तो तेव्हाच अडचणीत सापडला होता. रेशीमकिड्यांच्या रोगाने सेव्हेनचा रेशीम व्यवसाय मोडकळीस आणला होता आणि त्यावर उपाय शोधण्यासाठी १८६५ पासून लुई पाश्चर यांना आलेस येथे संशोधन करावे लागले होते. पुढील शतकात कामधंद्यासाठी तरुण मंडळी शहरांकडे गेली, खेडी ओस पडत गेली. १९७० मध्ये तेथे सेव्हेन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. २०११ मध्ये येथील पशुपालनाने घडविलेल्या भूप्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. स्टीव्हन्सनने चालताना टिपलेली मूळ रोजनिशी त्याच्या प्रवासाच्या शताब्दीला, १९७८ मध्ये, प्रसिद्ध झाली. ल पुईपासून आलेसपर्यंतची सुमारे २७० किलोमीटरची ‘जीआर ७०’ ही पायवाट आता त्याच्याच नावाने ओळखली जाते. २०२० मध्ये या वाटेवर घडणारा एक फ्रेंच चित्रपट गाजल्यानंतर पदयात्रींची संख्या आणखी वाढली.

या वाटेवर आजही गाढव भाड्याने मिळते. प्रवासी निघण्यापूर्वी मालक त्याला खोगीर कसे कसायचे, दोन्ही बाजूंचे ओझे समतोल कसे ठेवायचे आणि जनावर अडून बसले तर काय करायचे, हे समजावून सांगतो. ल मोनास्तियेच्या बाजारात १८७८ मध्ये हे शिकविणारे कोणी भेटले असते, तर स्टीव्हन्सनचा पहिला दिवस सुखाचा गेला असता. मग कदाचित अंडी फेटण्याचे यंत्रही सँ-जाँ-द्यु-गारपर्यंत पोहोचले असते.